दोस्तीचं पुढे काय? वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रश्न: ताई, मी भुसावळची, जळगावला जॉबला आहे, रोजचं अप-डाउन. कॉलेजपासूनचा माझा एक दोस्त पण त्याच गाडीला असतो. ग्रुपवाले आम्हाला ‘जाने तू... या जाने ना’मधले जय-अदिती म्हणून चिडवतात आणि आम्ही दोघंही कायम नाही नाही म्हणत आलो. पण दिवाळीनंतर त्याच्या घरच्यांनी मुली बघायला सुरुवात केलीय. परवा शेतात भरीत पार्टी होती, तिथे त्याच्या मावशीने मोबाइलवर एका मुलीचा फोटो सगळ्यांना दाखवला आणि माझा घास हातातच राहिला. घरी येऊन तो पिक्चर परत बघितला, खूप रडले. हे प्रेम आहे की नुसती जळजळ? पिक्चरमध्ये होतं तसं खऱ्यात होतं का? (एक वाचक, भुसावळ)

उत्तर: अगं, जळजळ झाली म्हणून स्वतःला वाईट समजू नकोस. २००८ च्या त्या पिक्चरमध्ये दिग्दर्शक अब्बास टायरवालाने हेच तर बरोबर पकडलंय, की अख्ख्या जगाला दिसतं ते त्या दोघांनाच दिसत नाही, आणि जयच्या आयुष्यात मेघना आल्यावर अदितीला पहिल्यांदा आतून काहीतरी टोचतं. म्हणजे सुरुवात जळजळीपासून होऊ शकते. पण तेवढ्यावर ठरवू नकोस. असं कर, ती फोटोतली मुलगी दोन मिनिटं बाजूला ठेव आणि समज की त्याला पुण्याला नोकरी लागली, लग्नबिग्न काही नाही, फक्त तो उद्यापासून त्या गाडीला नाहीये. तरीही घास असाच अडकतो का? अडकत असेल तर ही नुसती जळजळ नाही. जयचं बघ ना, मेघनाशी तुटल्यावर त्याला मेघनाची नाही, अदितीची उणीव भासते.

आता खऱ्यात होतं का, तर होतं, आपल्या जळगाव-धुळ्यात पण होतं, फक्त घोडा नसतो. जय शेवटी घोड्यावर बसून एअरपोर्ट गाठतो कारण अदिती अमेरिकेला निघालेली असते आणि तोपर्यंत दोघांनी तोंड उघडलेलं नसतं. वेळेत बोलले असते तर घोड्याची गरजच नव्हती. म्हणून तुला माझं एकच सांगणं आहे, सुपारी फुटायच्या आत बोल. पिक्चरमध्ये अदितीचं ज्याच्याशी ठरतं तो सुशांत तिच्यावर हात उचलतो, त्यामुळे ते लग्न मोडलं तर बघणाऱ्याला वाईट वाटत नाही. फोटोतल्या त्या मुलीने मात्र तुझं काहीच वाकडं केलेलं नाही, एकदा साखरपुडा झाला, दोन्हीकडचे पाहुणे जेवून गेले की मग तू बोललीस तर त्याची झळ तिला बसणार, आणि ते मला अजिबात पटणार नाही.

बोलायचं ते ग्रुपमध्ये नको, व्हॉट्सअ‍ॅपवर नको आणि गाडीत तर मुळीच नको, डब्यात अर्धे लोक ओळखीचे असतात. सुट्टीच्या दिवशी मेहरूण तलावावर जा, दिवसाउजेडी, आणि सरळ सांग की मला तुझ्याबद्दल असं वाटतंय, तुला काय वाटतं ते विचार करून सांग. त्याला लगेच उत्तर मागू नकोस. तुला हे कळायला एवढी वर्षं लागली, त्यालाही दोन-चार दिवस लागणारच. घरच्यांचं किंवा जातीचं आडवं येईल का ते तू लिहिलं नाहीस, येत असेल तर ते दोघांनी मिळून बघायचं, पण आधी त्याचं मन तर कळू दे. आणि मैत्रीण म्हणून त्याच्यासाठी मुली बघायला जायचं काम कुणी गळ्यात घातलं तर स्पष्ट नाही म्हण.

प्रश्न: ताई, आमच्या घरात वाद झालाय. बायको म्हणते ‘कुछ कुछ होता है’मध्ये राहुलला अंजली साडीत दिसल्यावरच आवडली, मग ती कसली दोस्ती? मला तो पिक्चर फार आवडतो. कोणाचं बरोबर? (अमळनेर)

उत्तर: दादा, वहिनींचं बरंचसं बरोबर आहे. १९९८ चा पिक्चर, करण जोहरचा पहिलाच, आणि कॉलेजातली बॉयकट केसांची, बास्केटबॉलमध्ये राहुलला हरवणारी अंजली परत भेटते ती लांब केस आणि साडीत. केस न वाढवताही ती त्याला आवडायला हवी होती, मला हे तेव्हाही खटकलं होतं. पण एक सीन वहिनींना परत दाखवा. कॉलेजात अंजली, राहुलला आवडणाऱ्या टीनासारखी नटून येते तेव्हा सगळे हसतात, राहुलसुद्धा. नुसत्या कपड्यांनी काम होणार असतं तर तेव्हाच झालं असतं ना. पुढे समर कॅम्पमध्ये त्यांच्यातलं जुनं काहीतरी जागं होतं ते परत बास्केटबॉल खेळताना, तीच भांडणं, तीच चिडवाचिडवी. काजोलने हे दोन्ही वयांत इतकं मनापासून केलंय की तिला फिल्मफेअर मिळालं ते योग्यच. मला खरं वाईट वाटतं ते अंजलीचं ज्याच्याशी लग्न ठरलेलं असतं त्या अमनचं. बिचारा मांडवात उभा राहून आपली नवरी दुसऱ्याच्या हातात देतो. वहिनींशी पुढचा वाद त्याच्यावर घाला.

प्रश्न: मी मैत्रिणीला विचारलं, ती नाही म्हणाली. एकाच क्लासला आहोत, रोज दिसते. परत एकदा विचारू का? (धुळे)

उत्तर: नको रे भाऊ. ‘ऐ दिल है मुश्किल’मधला अयान हेच करत राहतो, आणि अलिझेहचं उत्तर शेवटपर्यंत बदलत नाही, वर दोघांचे हाल होतात ते वेगळेच. तिने विचार करूनच सांगितलं असणार. थोडे दिवस दुसऱ्या बाकावर बस, समोर आली तर नमस्कार-चमत्कार ठेव, तिच्याबद्दल मित्रांत एक वाकडा शब्द काढू नकोस. ती आपणहून नोट्स मागायला आली तर दे.