रोजची प्रार्थना चार दिवसांत मोडते. माझा विश्वास कमी आहे, की मला शिस्तच नाही?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही 26 वर्षांचे, ख्रिस्ती घरात वाढलेले. पहाटे उठून प्रार्थना आणि शास्त्रवाचन करायचं ठरवता, चार-पाच दिवस जमतं, मग एक दिवस चुकतो आणि त्या लाजेनं पुढं पंधरा-पंधरा दिवस पुस्तक उघडत नाही. आता तर रविवारी उपासनेलाही जावंसं वाटत नाही, असं लिहिलंय.

मी पाळक नाही. सांगलीत राहते, छत्तीस वर्षं नर्स म्हणून काम केलं आणि आता निवृत्त आहे. वयानं तुम्ही माझ्या धाकट्या मुलाएवढे आहात, पण ओळख नाही, तेव्हा अहोजाहोच बरं.

विश्वास कमी की जास्त, हे मला सांगता येणार नाही. ते मोजायचं थर्मामीटर अजून निघालेलं नाही. पण ज्याचा विश्वास खरोखर संपलाय तो प्रार्थना चुकली म्हणून लाजत नाही, एवढं मला दिसतं. तेव्हा तो भाग बाजूला ठेवते आणि मोडण्याबद्दल बोलते, कारण त्यातलं मला थोडं कळतं.

मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 साली मिशन हॉस्पिटल काढलं. त्यामुळं आमच्या भागात ख्रिस्ती घरातली मुलगी शिकली की नर्सिंगला जाणार, हे माझ्या लहानपणी जवळजवळ ठरलेलंच असायचं. मीही गेले. दुसऱ्या वर्षाला असताना पुरुषांच्या वॉर्डात रात्रपाळी होती. ताप, नाडी, श्वास दर चार तासांनी बघून टीपीआर चार्टवर लिहायचं: रात्री दहा, दोन, सकाळी सहा. दहाच्या नोंदी घेतल्या, स्टुलावर टेकले आणि डोळा लागला. जाग आली तेव्हा साडेचार वाजून गेले होते. मी काय केलं असेल? दोनच्या रकान्यात अकरा जणांचे आकडे मनानंच भरले. 98.6, 98.4, नाडी 78, 80. अक्षरही छान काढलं.

सकाळी वॉर्डाच्या सिस्टरनी एक चार्ट माझ्यापुढं धरला. टायफॉइडचा पेशंट. रात्री दहाला 102, सकाळी सहाला 103 आणि मधे माझे 98.6.

"हा माणूस रात्री दोन वाजता बरा झाला होता का गं?"

ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी रडत म्हणाले, "सिस्टर, हा कागद फाडून नवा करते." त्या म्हणाल्या, "फाडायचा नाही. आधीचे चार दिवस त्याच्यावरच आहेत. नोंद चुकली तर रकाना मोकळा सोड आणि सहाची वेळेवर घे. मोकळा रकाना बघून डॉक्टरला कळतं की इथलं माहीत नाही. खोटा आकडा बघून त्याला वाटतं की माहीत आहे."

तुम्ही कागद फाडताय. एक दिवस चुकला की मागचे चार दिवसही गेले, आता पुढच्या सोमवारपासून, नाहीतर एक तारखेपासून, नाहीतर नवीन वर्षापासून कोरा कागद घेऊ. अहो, पण ते चार दिवस झालेत ना? कुणी पुसले? पाचवा रकाना मोकळा सोडा आणि सहाव्या दिवशी उठा. चुकलेल्या दिवसाचं दुसऱ्या दिवशी दुप्पट वाचून भरपाई करायला जाऊ नका. दोनचा ताप सहा वाजता मोजता येत नाही.

आणि चार्ट भरल्यानं पेशंट बरा होत नाही, हेही त्याच वॉर्डात शिकले. बरं करणारा दुसरा असतो. तारण कृपेनं आहे, कर्मानं नाही, हे आपण संडे स्कूलपासून पाठ म्हणतो आणि एक पहाट चुकली की देवानं हजेरीपटावरून नाव खोडल्यासारखे वागतो.

रात्रपाळी केलेल्या माणसाला गेथशेमाने बागेतली, येशूला धरलं त्या रात्रीची गोष्ट वेगळी वाचता येते, असं मला वाटतं. प्रभू तीन शिष्यांना सांगून गेला की जागे राहा. परत आला तर तिघंही झोपलेले. पुन्हा गेला, पुन्हा आला, पुन्हा तेच. तीन वेळा. देह अशक्त आहे, हे त्यानंच म्हटलं. पण मला कायम लक्षात राहतं ते हे की झोपलेल्यांच्या जागी त्यानं दुसरी माणसं बोलावली नाहीत. पुढं सगळं काम त्याच पेत्र, याकोब, योहानावर सोपवलं. ड्युटीवर झोपलेल्या मुलीला दुसऱ्या रात्री पुन्हा त्याच वॉर्डात पाठवणाऱ्या आमच्या सिस्टर मला तिथं आठवतात.

आता शिस्तीचं. माझे वडील, आण्णा, सांगलीत हळदीच्या पेठेत तोलाईचं काम करायचे. हात कायम पिवळे. आमच्या घरच्या शास्त्राच्या पानांच्या कडा अजून पिवळ्या आहेत. तरुणपणी ते तालमीत जायचे. पौलानं करिंथकरांस लिहिलेल्या पत्रात स्पर्धेतल्या धावपटूचं उदाहरण घेऊन 'मी आपले शरीर कुदलतो' असं म्हटलंय, ते वाचताना आण्णांचा आवाज चढायचा. कुदलणं त्यांना माहीत होतं. तालमीतली माती रोज खणून मोकळी करावी लागते. एकदा मी त्यांना तुमच्यासारखंच काहीतरी विचारलं होतं, की प्रार्थनेला मनच लागत नाही. ते म्हणाले, "अंगात आलं म्हणून कोण जोर काढतंय व्हय? तालमीत गेलं की निघत्यात."

बाकी कुठल्या सल्ल्यापेक्षा मला हे पटलेलं आहे. मन लागायची वाट बघू नका, जागेवर जाऊन बसा.

पण याच आण्णांची दुसरी बाजू सांगितली नाही तर तुम्हाला अर्धंच सांगितल्यासारखं होईल. आमच्याकडं संध्याकाळी साडेसातला कौटुंबिक प्रार्थना असायची. आण्णा टाळ घेऊन रेव्हरंड टिळकांची भजनं म्हणायचे. (नारायण वामन टिळकांनी 1917 साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला, त्याचा आण्णांना फार अभिमान. घरखर्चाच्या बाबतीत टिळकांना काडीची शिस्त नव्हती, हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनीच लिहून ठेवलंय, ते मात्र आण्णांना ऐकवत नसे.) साडेसातला दार बंद. माझा धाकटा भाऊ एकदा मॅटिनीहून उशिरा आला. आण्णांनी त्याला प्रार्थना संपेपर्यंत गुडघ्यावर बसवलं आणि आमेन झाल्यावर थोबाडीत दिली. असं एकदाच झालं नाही. अठराव्या वर्षी तो इचलकरंजीला मागावर कामाला गेला तो गेलाच. आण्णांच्या मातीला आला तेव्हा चर्चच्या फाटकाबाहेर उभा राहिला, आत आला नाही.

आत्म्याच्या फळांची यादी आपल्याला पाठ असते. तिच्यात इंद्रियदमन अगदी शेवटी येतं. आधी प्रीती, आनंद, शांती आणि मग बाकीचं. आण्णांनी यादी उलटीकडून वाचली, असं मला आता वाटतं. तेव्हा वाटलं नव्हतं. तेव्हा मी आण्णांच्याच बाजूची होते.

तुम्ही रोजच्या सोयीचंही विचारलंय, ते पटकन सांगते. वर्षात संपूर्ण बायबल वाचायचा संकल्प सोडून द्या. 1189 अध्याय आहेत, म्हणजे रोज सव्वातीन. उत्पत्तीचे 50 आणि निर्गमाचे 40 जानेवारीत कसेबसे सरतात आणि महिन्याच्या शेवटी लेवीय लागतं. यज्ञ, चरबी, कोडाची लक्षणं. आमच्या मंडळीतली निम्मी माणसं दर वर्षी तिथंच बुडतात. त्यापेक्षा स्तोत्रं घ्या. मी सकाळी गॅसवर दूध ठेवते आणि ते वर येईपर्यंत उभ्यानं वाचते. 117वं स्तोत्र दोनच वचनांचं आहे, दूध तापायच्या आत संपतं. 119वं 176 वचनांचं, ते पंधरा-वीस दिवस चालतं. दूध रोज तापवावंच लागतं, त्यामुळं वाचन चुकत नाही. तुम्ही दूध तापवत नसाल तर गाडी पुसत असाल, दाढी करत असाल. जे न ठरवता रोज होतं त्याच्या शेजारी प्रार्थना ठेवा. आणि मोबाइल रात्री स्वयंपाकघरात, गजराचं घड्याळ उशाशी. शास्त्र मोबाइलमध्येच वाचतो, असं म्हणू नका. मीही तसं करून पाहिलं. स्तोत्र उघडलं आणि सुनेच्या माहेरच्या लग्नाचे फोटो बघून झाले.

पहाटे चारला उठायचं वगैरेही नको. तुम्ही कंपनीत शिफ्टला जाता. सेकंड शिफ्ट करून रात्री बाराला घरी येणाऱ्यानं पहाटे चारला उठणं याला मी भक्ती म्हणणार नाही, आजारपणाची तयारी म्हणेन.

आता माझं. नर्सिंगची सवय म्हणून मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रार्थना झाली की चौकोनात फुली करते. 2019च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी 57 फुटांच्या वर गेलं. 45 फुटांना धोक्याची पातळी धरतात. आमच्या घरात पुरुषभर पाणी. पंधरा दिवस एका शाळेत काढले. त्या काळात मी प्रार्थना केली नाही. करता आली नाही, असं म्हणणार होते, पण खरं सांगायचं तर केली नाही. भाकऱ्या थापल्या, लोकांचे पाय धुऊन चिखल्यांना मलम लावलं, आणि रात्री पडलं की झोप. कॅलेंडर तर पाण्यातच गेलं होतं. घरी आल्यावर पुन्हा सुरुवात करायला नाताळ उजाडला. एवढ्या वर्षांची सवय, तरी साडेचार महिने. म्हणून म्हणते, पंधरा दिवसांचं काय घेऊन बसलात.

पण माझ्या कॅलेंडरची खरी खोट पुरात नव्हती. ज्या वर्षी फुल्या भरगच्च होत्या, त्या वर्षांत होती. आण्णा गेल्यावर घराच्या वाटणीवरून माझं आणि भावाचं बिनसलं. सहा वर्षं मी त्याच्याशी बोलले नाही. त्या सहा वर्षांत मत्तयाचा पाचवा अध्याय किती वेळा वाचला असेन? वेदीपाशी अर्पण घेऊन गेल्यावर आपल्या भावाचं आपल्याविरुद्ध काही आहे असं आठवलं तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. वाचलं, फुली केली, दूध उतरवलं.

एका वर्षी लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, चहा सोडला. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत 46 दिवस होतात, त्यातले सहा रविवार उपवासात धरत नाहीत, म्हणून चाळीस. मी रविवारीही घेणार नाही म्हणाले. म्हणजे बघा! चहा सुटला आणि त्याबरोबर जीभही सुटली. डोकं ठणकायचं आणि मी सुनेवर खेकसायचे. तेराव्या-चौदाव्या दिवशी ती शांतपणे म्हणाली, "आई, तुमचा उपवास आम्हालाच घडतोय."

मला राग आला. दोन दिवस आला. तिसऱ्या दिवशी दुधापाशी उभी होते आणि पुस्तक उघडलंच नाही. वाचून काय करणार होते, कुठलं वचन निघेल ते मला माहीत होतं. नऊच्या एसटीनं इचलकरंजीला गेले.

त्याचं घर शोधावं लागलं, कारण तो कधीच बदलून दुसऱ्या गल्लीत गेला होता. दार त्यानंच उघडलं. केस पांढरे झालेले, दिसायला आण्णांसारखाच. "आक्का," एवढंच म्हणाला आणि बाजूला झाला. वहिनी गावाला गेल्या होत्या. शेजारी मागांचा खडखडाट चालला होता, त्यामुळं बोलायला काही सुचत नाही हे दोघांनाही फारसं जाणवलं नाही. मी पंख्याकडं बघत बसले. तो आत गेला, भांड्यांचा आवाज आला, आणि माझ्यापुढं बशीसकट कप ठेवला. काठोकाठ भरलेला, आलं घातलेला.

त्या गुरुवारचा चौकोन मोकळा आहे. प्रार्थनाही झाली नाही आणि उपवासही राहिला नाही. मी बशीत ओतून प्यायले, आण्णा प्यायचे तसा. भावानं विचारलं, "साखर कमी पडली का?" पडली होती. मी म्हणाले, "टाक अजून अर्धा चमचा."