ईम गावाने प्लेगच्या साथीत स्वतःला कोंडून घेतलं होतं, ही गोष्ट खरी का? आणि तिथल्या चर्चमध्ये काय पाहावं?

तुम्ही लिहिलंय की मुलीकडे शेफिल्डला येताय आणि एका दिवसासाठी ईमला जायचा विचार आहे. जरूर जा. मी शेफिल्डलाच राहतो आणि घरी पाहुणे आले की चॅट्सवर्थचा महाल दाखवण्याआधी त्यांना ईमला नेतो.

गोष्ट खरी आहे. मात्र सांगताना बहुतेक जण एकाच पाद्र्याला नायक करतात आणि बाकीचे मागे पडतात. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

ईम हे इंग्लंडमधल्या डर्बीशर परगण्याच्या डोंगराळ भागातलं गाव, शेती आणि शिशाच्या खाणींवर जगणारं. 1665 साली लंडनमध्ये प्लेगने थैमान घातलं होतं. त्याच सुमारास अलेक्झांडर हॅडफील्ड या शिंप्याकडे लंडनहून कापड आलं. ते दमट होतं म्हणून त्याच्याकडे कामाला असलेल्या जॉर्ज विकर्सने चुलीपुढे वाळत घातलं, असं गावात सांगतात. 7 सप्टेंबरला विकर्स गेला. कापडातून आलेल्या पिसवांनी रोग आणला, असं आज आपण म्हणतो. तेव्हा हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. पिसवेचा दुवा उघड झाला तो 1898 मध्ये, तोही तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या कराचीत. पुण्या-मुंबईत माणसं पटापट मरत होती त्याच साथीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने उंदरांवर प्रयोग करून तो दाखवला. ईमच्या लोकांनी जे केलं ते रोग कसा पसरतो याचा पत्ता नसताना केलं, हे आधी लक्षात घ्या.

1665 संपेपर्यंत 42 माणसं दगावली. थंडीत साथ ओसरली, लोकांना हायसं वाटलं. पण पुढच्या जूनमध्ये ती पुन्हा उसळली आणि गाव सोडून जाण्याची भाषा सुरू झाली. इथे विल्यम मॉम्पेसन येतो. चर्चचा तरुण पाद्री, 1664 मध्ये नेमलेला. गाव त्याला फारसं जुमानत नव्हतं. कारण लोकांचा जीव होता आधीच्या पाद्र्यावर, थॉमस स्टॅन्लीवर. राजाने पुन्हा लागू केलेली प्रार्थनापद्धती मानायला नकार दिला म्हणून स्टॅन्लीला 1662 मध्ये पद सोडावं लागलं होतं. धर्माच्या बाबतीत दोघे अगदी विरुद्ध टोकांना, आणि त्या काळी हे मतभेद जिवावर उठण्याइतके कडवट असत. तरी मॉम्पेसनने स्टॅन्लीला गाठलं आणि दोघांनी मिळून गावापुढे तीन गोष्टी ठेवल्या. मेलेल्यांना ज्याने त्याने आपल्याच शेतात किंवा परसात पुरायचं, चर्चच्या आवारात नाही. प्रार्थना बंद चर्चमध्ये न करता कक्लेट डेल्फ नावाच्या खोलगट दरीत, उघड्यावर, घराघराने अंतर राखून करायची. आणि साथ सरेपर्यंत गावाची सीमा कुणी ओलांडायची नाही.

मला वाटतं, स्टॅन्ली नसता तर लोकांनी हे ऐकलं नसतं. मॉम्पेसनकडे पद होतं, शब्दाला किंमत स्टॅन्लीच्या होती. साथीनंतर काही जणांनी याच स्टॅन्लीला परगण्याबाहेर काढायची मागणी केली, ती चॅट्सवर्थच्या महालात राहणाऱ्या सरदाराने, डेव्हनशरच्या अर्लने धुडकावली. अर्लने साथीच्या दिवसांत गावाला अन्नधान्यही पुरवलं. ते सीमेवर ठेवलं जाई. शेजारच्या स्टोनी मिडलटन गावाच्या वाटेवर एक धोंडा आहे, त्याला खोदलेली भोकं आहेत. पैशांबरोबर रोग बाहेर जाऊ नये म्हणून त्यांत व्हिनेगर ओतून गावकरी पैसे टाकत. भोकांत बोट घालून पाहा, झिजून कडा गुळगुळीत झाल्या आहेत.

1666 चा ऑगस्ट सगळ्यात वाईट. त्या एका महिन्यात 75 हून जास्त माणसं गेली. गावाबाहेर रायली नावाच्या शेतावर एलिझाबेथ हॅनकॉक राहायची. तिने आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं स्वतःच्या हातांनी पुरली. मॉम्पेसनची बायको कॅथरीन 25 ऑगस्टला गेली. मुलांना आधीच दूर पाठवलं होतं, ती मात्र नवऱ्याजवळ राहिली होती. शेवटचा मृत्यू 1 नोव्हेंबरचा, अब्राहम मॉर्टन याचा. एकूण बळी साधारण 260 धरले जातात. गावाची लोकसंख्या पूर्वी 350 सांगत, अलीकडचे अभ्यासक ती त्याच्या दुपटीच्या आसपास मानतात. म्हणजे 'तीन चतुर्थांश गाव गेलं' असं कुठे वाचलंत तर जपून घ्या.

या बंदीचा उपयोग झाला का? आसपासची गावं वाचली, एवढं खरं. गावाला मात्र त्याची किंमत मोजावी लागली असणार. 2016 मध्ये ईमच्या चर्चमधल्या दफनांच्या नोंदींवर गणिती अभ्यास झाला. त्यात दिसलं की सुमारे तीन चतुर्थांश लागण माणसाकडून माणसाला झाली असावी, आणि घराच्या आत ती फार वेगाने पसरली. एका घरात कोंडलेली माणसं एकमेकांना रोग देत गेली. काही जण म्हणतात, मॉम्पेसनने लोकांना मरणाच्या दारात बसवून ठेवलं. मला हे पटत नाही. त्याला काय माहीत होतं त्यावरून त्याला तोलायला हवं, आणि तो स्वतः काही पळून गेला नाही.

आता चर्च. सेंट लॉरेन्सचं हे चर्च फार भव्य वगैरे नाही. आवारात शिरताच कॅथरीनची कबर दिसेल, आणि जवळच एक दगडी क्रूस, अँग्लो-सॅक्सन काळातला, म्हणजे साथीच्याही सुमारे आठशे वर्षं आधीचा. दांड्यावर वेलीची नक्षी आहे, माथ्यावर देवदूत कोरलेत. मधला एक तुकडा कधीच हरवलाय, म्हणून क्रूस बुटका वाटतो. दक्षिणेच्या भिंतीवर 1775 चं सूर्यघड्याळ आहे, तेही सोडू नका. आत भिंतींवर बायबलमधल्या इस्रायलच्या बारा कुळांची जुनी चिन्हं आहेत आणि 1985 साली बसवलेली रंगीत काचांची प्लेग-खिडकी आहे. पण सगळ्यात जास्त वेळ द्या तो काचेच्या पेटीतल्या नोंदवहीला. तिच्यात बळींची नावं आणि तारखा आहेत, तीच ती आडनावं पुन्हा पुन्हा येतात.

मग चर्चलगतच्या दगडी घरांवरच्या हिरव्या पाट्या वाचा. हॅडफील्डच्या घरावर लिहिलंय: विकर्स 7 सप्टेंबर, चार वर्षांचा एडवर्ड कूपर 22 सप्टेंबर, बारा वर्षांचा जोनाथन 2 ऑक्टोबर, आणि हॅडफील्ड स्वतः पुढच्या वर्षी 3 ऑगस्टला. एडवर्ड आणि जोनाथन मेरी हॅडफील्डचे पहिल्या लग्नाचे मुलगे. त्या घरातली ती एकटीच वाचली, तिचे 13 नातेवाईक गेले. पुस्तकांत मॉम्पेसनला पानंच्या पानं मिळतात, मेरीला ही एवढी पाटी.

सोय बघायची तर, ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी 'प्लेग संडे'ला कक्लेट डेल्फमध्ये प्रार्थना होते. तेव्हा आलात तर उत्तम, फक्त गर्दी असते. हॅनकॉक कुटुंबाच्या, रायलीच्या कबरी गावाच्या पूर्वेला, चढावर आहेत, चालत जाता येतं, पण पावसानंतर वाट निसरडी असते, बूट चांगले घाला. गावात एक छोटं संग्रहालयही आहे, ते हिवाळ्यात बंद असतं. तुमची तारीख कळवलीत तर शेफिल्डहून कोणती बस सोयीची पडेल ते पाहून सांगतो.