जुना लॅपटॉप, लिनक्स आणि गणिताचे व्हिडिओ

प्रश्न : सर, मी परभणीजवळच्या खेड्यात दहावीच्या पोरांना गणित शिकवते. २ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप हाय, लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकलीय, पण रेकॉर्डिंग लावलं की सगळं अडकतं. काय करू?

उत्तर : ताई, ओबीएस या रेकॉर्डिंगच्या प्रोग्रामला ओपनजीएल ३.३ (ग्राफिक्सची एक प्रणाली) लागतं, जुन्या ग्राफिक्सवर ते बऱ्याचदा नसतंच, म्हणून सिम्पलस्क्रीनरेकॉर्डर टाका, फक्त लॉगिन करताना वेलँड नको, एक्स११ निवडा (स्क्रीनवर चित्र दाखवायच्या या दोन पद्धती). फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, १५ ठेवा, फळ्यावरच्या गणिताला तेवढा भरपूर झाला, आणि एच.२६४ (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत) चा प्रीसेट, म्हणजे तयार सेटिंग, सुपरफास्ट, फाइल मोठी होते पण प्रोसेसरला दम मिळतो. फाइल एमकेव्ही या प्रकारातच सेव्ह करा बरं का! आपल्याकडं लाइट कधी जाईल सांगता येत नाही, अन् एमपी४ अर्धवट राहिली की सहसा उघडत नाही, एमकेव्ही तिथपर्यंत चालते. लाइव्ह पण सिम्पलस्क्रीनरेकॉर्डरमधूनच जमतं, पण आधी रेकॉर्डिंग नीट बसू द्या.