सत्तर हजारांचा जीआयएस कोर्स: पैसे भरण्याआधी

(बार्शी तालुक्यातल्या एका शेतकरी पालकांचं पत्र आलं आहे. मुलगी भूगोल घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. शहरातली एक संस्था जीआयएस (संगणकावर नकाशे करून त्यांना जागेची माहिती जोडण्याचं तंत्र) आणि सॅटेलाइट इमेजचा सहा महिन्यांचा कोर्स घेते. फी सत्तर हजार, नोकरीची ‘शंभर टक्के हमी’. मेहुणे म्हणतात, मोबाईलवर गूगल मॅप असताना नकाशे करणाऱ्याला कोण विचारतो? कोर्स लावावा का, आणि नवा लॅपटॉप घ्यावा लागेल का, असं त्यांनी विचारलं आहे.)

नमस्कार,

पैसे आत्ता भरू नका. क्षेत्र चांगलं आहे आणि मुलीचा भूगोल इथे वाया जाणार नाही. पण अशा कोर्सात शिकवतात त्यातलं बरंचसं फुकट शिकता येतं, आणि जे खरोखर अवघड आहे ते तिथे सहसा शिकवतच नाहीत.

आधी मेहुण्यांचा प्रश्न. मोबाईलवर आपण बघतो तो फोटो. त्यावर रस्ता सापडतो, घर सापडतं. अभ्यासाला घेतात ती उपग्रह प्रतिमा म्हणजे आकड्यांचा तक्ता असतो. त्यातला एकेक चौकोन, म्हणजे पिक्सेल, जमिनीच्या तेवढ्या तुकड्यावरून किती प्रकाश परत आला ते सांगतो. तेही वेगवेगळ्या बँडमध्ये: निळा, हिरवा, लाल आणि डोळ्यांना न दिसणारा निअर इन्फ्रारेड.

हा चौकोन केवढा, ते तुम्हाला गुंठ्यातच सांगतो. युरोपच्या सेंटिनेल-2 उपग्रहाचा पिक्सेल 10 मीटर बाय 10 मीटर, म्हणजे जवळजवळ एक गुंठा. तुमच्या तीन एकरांत असे साधारण 120 पिक्सेल बसतील. अमेरिकेच्या लँडसॅटचा 30 मीटरचा, म्हणजे नऊ गुंठे. आपल्या इस्रोच्या रिसोर्ससॅटवरचा लिस-3 कॅमेरा साडेतेवीस मीटरचा, म्हणजे साडेपाच गुंठे. त्याच उपग्रहावरचा लिस-4 मात्र 5.8 मीटरचा, गुंठ्यात तीन पिक्सेल बसवणारा. आता सांगा, शेजाऱ्याने बांध कोरला की नाही हे यातून कळेल का? नाही कळणार. दोन फुटांचा बांध गुंठ्याएवढ्या पिक्सेलमध्ये हरवून जातो. गावठाणांची मोजणी स्वामित्व योजनेत ड्रोनने केली ती उगीच नाही. ड्रोनच्या प्रतिमेचा पिक्सेल काही सेंटिमीटरचा असतो. कोणत्या कामाला कोणती प्रतिमा पुरते आणि कुठे तिचं काही चालत नाही, हे ज्याला ठामपणे सांगता येतं त्याला या धंद्यात किंमत आहे. बटणं कुठली दाबायची ते आठवड्यात येतं.

मग एवढा मोठा पिक्सेल घेऊन करायचं काय? पीक बघायचं. हिरवं पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि निअर इन्फ्रारेड परत फेकतं. या दोन आकड्यांची वजाबाकी भागिले बेरीज केली की एनडीव्हीआय, म्हणजे हिरवेपणाचा आकडा, मिळतो. समजा, भरात आलेल्या पिकाच्या पिक्सेलमध्ये निअर इन्फ्रारेड 0.45 आणि लाल 0.05 आहे. 0.40 भागिले 0.50, उत्तर 0.8. नांगरून टाकलेल्या काळ्या रानात तेच 0.14 आणि 0.10 असेल तर उत्तर 0.17 च्या आसपास. सातवीच्या पोराला जमेल असं गणित आहे.

अडतं ते पुढे. जानेवारीत तुमच्याकडे ज्वारीही हिरवी आणि हरभराही हिरवा. एका तारखेचा एनडीव्हीआय घेतला तर दोघांचा आकडा मागेपुढेच येतो, आणि संगणक बिनदिक्कत चुकीचा नकाशा रंगवून देतो, तोही दिसायला देखणा. म्हणून पेरणीपासून काढणीपर्यंतच्या प्रतिमा एकापाठोपाठ लावाव्या लागतात (सेंटिनेल-2 दर पाच दिवसांनी फेरी मारतो), आणि रानात जाऊन, जीपीएसवर जागा टिपून, ‘इथे हरभरा आहे’ अशी खात्री करावी लागते. याला ग्राउंड ट्रुथ म्हणतात. ज्वारी हुरड्यात येते तेव्हा हरभरा घाट्यात असतो, हे शहरातल्या इंजिनीअरला शिकवावं लागतं. तुमच्या लेकीला ते घरातच ठाऊक आहे, आणि हे तिचं भांडवल सत्तर हजारांत कुठे विकत मिळत नाही. खरिपात ढग आडवे येतात. तेव्हा ढगांपलीकडचं पाहणारा सेंटिनेल-1 चा रडार वापरतात. पण ते दुसऱ्या वर्षाचं काम.

आणखी एक गोष्ट, जिथे प्रमाणपत्रवाले उमेदवार मुलाखतीत हमखास गार होतात. अक्षांश-रेखांशात असलेल्या नकाशावर थेट क्षेत्रफळाचं गणित मांडलं तर उत्तर अंशांत येतं, ज्याला काही अर्थ नसतो. नकाशा आधी मीटरच्या प्रणालीत आणावा लागतो. अशा यूटीएम नावाच्या प्रणालीत पृथ्वीचे उभे पट्टे पाडलेले असतात. बार्शी, सोलापूर, पुणे तिच्या 43 व्या पट्ट्यात येतात; 78 रेखांशाच्या पूर्वेला, म्हणजे वर्धा, नागपूर, गडचिरोलीकडे, 44 वा पट्टा लागतो. आपल्या राज्यातूनच ही रेघ जाते, आणि विदर्भाचं काम पुण्यात बसून करणारे तिथेच घसरतात.

शिकायचं कुठे? देहरादूनची आयआयआरएस ही इस्रोची संस्था ऑनलाइन कोर्स मोफत घेते आणि प्रमाणपत्रही देते. क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे. प्रतिमा युरोपच्या कोपर्निकस कार्यक्रमाच्या संकेतस्थळावर आणि इस्रोच्या भुवन या संकेतस्थळावर मिळतात. येत्या रब्बीत तिने फक्त तुमच्या गावाचा पीक-नकाशा करावा: पन्नासेक शेतांत स्वतः जाऊन नोंदी, मग प्रतिमा, मग किती ठिकाणी चुकलं त्याचा हिशेब. हा चुकांचा हिशेब मुलाखतीत पुढे ठेवावा. मग पदव्युत्तर शिक्षण. पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा भूगोल विभाग आहे, सिंबायोसिसची जिओइन्फॉर्मेटिक्स संस्था आहे. बी.ए.ला प्रवेश कुठे चालतो आणि कुठे बी.एस्सी.च लागते, ते त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघूनच फॉर्म भरा. संख्याशास्त्र आणि थोडं पायथन (संगणकाला सूचना लिहायची भाषा) आतापासून सुरू केलं तर तिथे जड जाणार नाही.

नोकरीचं गोड करून सांगत नाही. सुरुवात बहुतेकांची डिजिटायझेशनने होते: दिवसभर प्रतिमेवरचे रस्ते, घरं, विहिरी माउसने गिरवायच्या. पगार बेताचा, टार्गेट रोजचं. दोन वर्षांत विश्लेषणाकडे सरकलं नाही तर माणूस तिथेच रुततो. नागपूरचं महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र, पीकविम्याची कामं, पाणलोट, नगररचना, टेलिकॉम अशा ठिकाणी पुढची संधी असते. भूमी अभिलेखच्या भूकरमापक भरतीवर मात्र आशा लावून बसू नका; तिथे स्थापत्य पदविका किंवा आयटीआयचा सर्वेक्षक कोर्स मागतात, भूगोलाची पदवी त्या अटीत बसत नाही.

तरीही संस्थेत जायचंच असेल तर हमी लेखी मागा: नोकरी कुठल्या कामाची, किती पगाराची, आणि नाही लागली तर फी परत कधी. शिवाय मागच्या बॅचच्या एका विद्यार्थ्याने स्वतः केलेला नकाशा दाखवा म्हणावं. टाळाटाळ झाली की उठून या.

लॅपटॉप नवा नको. सेंटिनेल-2 ची प्रतिमा ज्या तुकड्यांत मिळते त्यातली एक टाइल साधारण 100 किलोमीटर लांब-रुंद असते, तिची फाइल जुन्या मशीनला दमवते. गावापुरता तुकडा कापून घेतला की घरचा लॅपटॉप चालेल. मोठी गणितं गूगल अर्थ इंजिनवर करावीत. ते ब्राउझरमध्ये चालतं आणि अभ्यासासाठी मोफत आहे. आठ जीबी रॅमपेक्षा कमी असेल तर तेवढी वाढवून घ्या. तालुक्याच्या दुकानातही होऊन जाईल.