३२ लाखांची बॉक्सस्टर आणि उरणारे ८३ हजार

नमस्कार,

तुमचं पत्र मोठं आहे, म्हणून इतर वाचकांसाठी ते आधी थोडक्यात सांगतो. वय ४१, राहणं कोथरूडला, नोकरी हिंजवडीत. हातात महिना २ लाख ६० हजार येतात, पत्नीच्या दवाखान्यातून सरासरी ७५ हजार. गृहकर्जाचा हप्ता ६२ हजार, अजून ११ वर्षं. एसआयपी ६० हजार. घरखर्च, मुलीची शाळा आणि सांगलीला आईवडिलांना पाठवायचे पैसे मिळून १ लाख ३० हजार. म्युच्युअल फंडात ४६ लाख, अडीअडचणीसाठी एफडीत ९ लाख. बाणेरच्या एका एजंटाकडे २०१३ ची पोर्शे बॉक्सस्टर एस, म्हणजे दोन सीटची, कापडी छत उघडणारी स्पोर्ट्स कार, पाहिली आहे. दिल्ली पासिंग, तिसरा मालक, मीटरवर ४८ हजार किलोमीटर, किंमत ३२ लाख. १२ लाख फंडातून काढायचे आणि २० लाखांचं पर्सनल लोन, ५ वर्षं, १३ टक्के, असा बेत आहे, आणि घ्यावी का, असं विचारलंय. सौ.चा विरोध नाही, उलट "एकदाची घेऊन टाका" असं त्या म्हणतात.

तुम्हाला धास्ती आहे ती आयएमएस बेअरिंगची, म्हणजे इंजिनातल्या मधल्या शाफ्टच्या बेअरिंगची. ती डोक्यातून काढून टाका. ते दुखणं १९९७ ते २००८ च्या दरम्यानच्या बॉक्सस्टर आणि पोर्शेच्याच ९११ गाड्यांचं. तो बेअरिंग फुटला की इंजिनच जायचं, आणि अमेरिकेत प्रकरण कोर्टात जाऊन तडजोड झाली. २००९ पासूनच्या नव्या इंजिनात तो मधला शाफ्टच नाही. तुमच्या ३.४ लिटरच्या इंजिनाला चांगलं नाव आहे.

खर्च करवतात ते इंजिनाच्या आजूबाजूचे भाग. पाण्याचा पंप, कूलंटचे व्हॉल्व्ह, इग्निशन कॉइल, इंजिन माउंट. रेडिएटर पुढच्या बंपरच्या दोन्ही बाजूंना असतात, तिथे पालापाचोळा अडकून कुजतो. यातलं काहीच जीवघेणं नाही, पण इंजिन सीटच्या मागे गाडीच्या पोटात बसवलेलं आहे. पार्टच्या किमतीइतकीच मजुरी तिथे हात पोचवायला लागते. पीडीके हा पोर्शेचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दणकट, पण आतला एक सेन्सर बिघडला म्हणून अख्खा गिअरबॉक्स बदलायला सांगितलं गेलेले मालक जगभर आहेत. आणि गाडीची किंमत उतरते, पार्टची उतरत नाही. तुम्ही ३२ लाखांची गाडी घेताय, पण दुरुस्ती नव्या पोर्शेच्या दराने होणार.

आता हिशेब. वर्षाला ५ हजार किलोमीटर चालवाल असं धरतो, कारण हिंजवडीला रोज हीच नेणार नाही असं तुम्हीच लिहिलंय. लिटरला ७ किलोमीटर म्हटलं तर पेट्रोलचे ७५ हजार. २०१३ ची गाडी ई२० साठी, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी, बनलेली नाही, म्हणून ते टाळायला शंभर ऑक्टेनचं पेट्रोल भरायचं ठरवलंत तर तो आकडा दीडपट धरा. विमा ७० हजार. सर्व्हिस, दर दोन वर्षांनी ब्रेक फ्लुइड आणि चार वर्षांनी प्लग धरून, सरासरी १ लाख. टायर पुढचे वेगळे, मागचे वेगळे, आलटून पालटून लावता येत नाहीत. त्यांचे वर्षाला ६० हजार. अवचित दुरुस्तीला २ लाख. हे माझे अंदाज आहेत. एखाद्या वर्षी निम्मे लागतील, एखाद्या वर्षी दुप्पट. सगळं मिळून ५ लाख ५ हजार, म्हणजे महिना ४२ हजार.

पर्सनल लोनचा हप्ता साडेपंचेचाळीस हजार. दोन्ही मिळून साडेसत्त्याऐंशी. सगळे खर्च जाऊन तुमच्या हातात उरतात ८३ हजार. म्हणजे काहीही न बिघडता तुम्ही महिना साडेचार हजारांनी मागे, आणि अजून पावसाळा आलेला नाही.

पावसाळ्याचं गमतीने म्हणत नाही. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून पाणी सोडलं तेव्हा सिंहगड रोडच्या एकतानगरीत पार्किंगमधल्या गाड्यांचं काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. या गाडीचं बूड रस्त्याला टेकलेलं, हवा आत घेण्याची जागा दाराच्या मागे कुशीत. पाणी शिरलेलं असताना चुकून स्टार्ट मारला की विमा कंपनी हात वर करते. इंजिन प्रोटेक्टचं कव्हर या वयाच्या गाडीला मिळतंय का, हे घेण्याआधी विचारा. झिरो डेप बहुतेक मिळणार नाही, आणि ते नसलं की प्लॅस्टिक आणि रबराच्या भागांवर क्लेममध्ये ५० टक्के घसारा कापतात. बंपर प्लॅस्टिकचाच असतो. आपल्याकडचे गतिरोधक कसे आहेत ते सांगायला नको. कापडी छताच्या कडेला पाणी वाहून जायच्या बारीक नळ्या असतात. त्या तुंबल्या की पाणी आत उतरतं. स्टिल्ट पार्किंगमध्ये उंदीर आहेत का तेही बघा, वायरिंग कुरतडलेल्या साध्या गाडीचं बिलसुद्धा डोळे पांढरे करतं.

कागदपत्रांकडे एजंटाने तुमचं लक्ष वेधलेलं दिसत नाही. नोंदणी मार्च २०१३ ची, म्हणजे १५ वर्षं मार्च २०२८ ला भरतात. तुमचं कर्ज त्यानंतरही चालूच राहणार. नूतनीकरणाची फी साध्या कारला ५ हजार आहे, आयात केलेल्या गाडीला ४० हजार. वर पर्यावरण कर आणि तपासणी. दिल्लीत १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदीची टांगती तलवार राहिली आहे, म्हणून तिकडच्या गाड्या मुदत जवळ आली की इकडे स्वस्तात येतात. एनओसी आणून एमएच नंबर घेताना महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. तो वयाप्रमाणे कमी होतो, पण आधार मूळ किमतीचा, आणि आयात गाडीचा दर जास्त. "ते मी बघून घेतो" हे एजंटाचं वाक्य पुरेसं नाही. आकडा लाखांत जाऊ शकतो, आरटीओतून काढून घ्या.

तुम्ही पाठवलेल्या फोटोंपैकी एकात मागच्या टायरवर १५१८ दिसतंय. म्हणजे २०१८ सालातला १५ वा आठवडा. नक्षी भरपूर आहे, पण रबर जुनं झालंय. गाडी फार उभी राहिली असावी. इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये ते एकूण किती तास चाललं हे साठवलेलं असतं. ४८ हजार किलोमीटरला त्या तासांनी भागा. सरासरी वेग ताशी १२-१५ निघाला तर मीटर मागे फिरवलेलं असण्याची शंका घ्यायला जागा आहे. २५-३० निघाला तर ठीक. पोर्शेचं डायग्नोस्टिक यंत्र असलेल्या ठिकाणी तपासणी करा आणि पैसे तुम्ही भरा, एजंटाने नव्हे.

माझं मत: ही गाडी, या पद्धतीने, नको. पोर्शे नकोच असं म्हणत नाही. तुमची मिळकत चांगली आहे, हौस जुनी आहे. पण हप्त्यावरची पोर्शे बिघडली की ती उभी राहते आणि हप्ता चालू राहतो, ही अवस्था वाईट. बँका इतक्या जुन्या गाडीला सहसा कार लोन देत नाहीत, म्हणूनच तुम्ही पर्सनल लोनकडे वळलात. २० लाखांवर ७ लाख ३० हजार व्याज जाईल. फंडातून १२ लाख काढताना त्यात ६ लाख नफा असेल, तर सव्वा लाखाची सूट वजा जाऊन साडेबारा टक्क्यांनी सेससह जवळपास ६२ हजार कर.

त्यापेक्षा ८३ मधले ६० हजार अडीच वर्षं बाजूला टाका, शेअर बाजारात नाही, साध्या आरडीत किंवा अल्पमुदतीच्या डेट फंडात. १८ लाख आणि वर थोडं व्याज जमेल. त्यात फंडातले १२-१४ लाख घाला, पण ते दोन आर्थिक वर्षांत विभागून काढा, सवलत दोनदा मिळेल. त्यातून गाडी २५ लाखांच्या आत बघा आणि ६ लाख दुरुस्तीसाठी वेगळे ठेवा. एफडीच्या ९ लाखांना हात लावू नका. तेव्हा एमएच पासिंगची, सर्व्हिसचे सगळे कागद असलेली आणि नोंदणीची पुरेशी वर्षं शिल्लक असलेली गाडी शोधा. तेवढ्यात पोर्शे मिळाली नाही, तर दुसऱ्या कंपनीची बघा. हा सल्ला तुम्हाला आवडणार नाही, कल्पना आहे.

टोकन म्हणून दिलेले ५० हजार परत मागा. एजंट कां-कूं करत असेल तर तपासणीचा अहवाल आणि कराचा आकडा येईपर्यंत व्यवहार पक्का नाही, एवढं तरी लेखी घ्या.

शेवटी, गाडी पत्नीच्या दवाखान्याच्या नावावर घेतली तर घसारा मिळेल का, असं विचारलंत. पत्नी आयकराच्या अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत निम्मी जमा उत्पन्न म्हणून दाखवत असतील, तर वेगळा घसारा मिळत नाही, तो त्यातच धरलेला असतो. नियमित हिशेब ठेवत असतील तर वर्षाला १५ टक्के, तोही व्यवसायासाठी वापर होतो तेवढ्याच भागावर. दोन सीटच्या उघड्या गाडीतून पेशंट बघायला जातो हे अधिकाऱ्याला पटवून देणं तुमच्या सीएला जमेल का, ते त्यांनाच विचारा.