कड्यावरून मारलेली ती उडी खरी होती का?

प्रश्न: 'द स्पाय हू लव्हड मी' परवा मुलासोबत परत बघितला. सुरुवातीलाच बाँड स्कीवरून सुसाट येतो आणि थेट कड्याच्या बाहेर जातो, मग पॅराशूट उघडतं. मुलगा म्हणतो हे कम्प्युटरवर केलेलं असणार. मी म्हणालो खरं आहे, पण पुरावा काय देऊ?

उत्तर: तुम्ही बरोबर आहात आणि मुलाला हे जरूर सांगा, कारण माझ्या मते सिनेमाच्या इतिहासातला यापेक्षा भारी स्टंट शोधून सापडायचा नाही. सिनेमा १९७७ चा, उडीचं शूटिंग त्याच्या आदल्या वर्षी जुलैमध्ये झालं. कथेत ते ऑस्ट्रिया दाखवलंय पण जागा आहे कॅनडातल्या बॅफिन बेटावरचा माउंट अ‍ॅसगार्ड, उंची २,०१५ मीटर, माथा टेबलासारखा सपाट आणि कडेला सरळ खाली तुटलेला कडा. उडी मारणारा रिक सिल्व्हेस्टर, बाँडचं काम करणारा रॉजर मूर नव्हे. या माणसाने १९७२ मध्येच अमेरिकेतल्या एल कॅपिटन कड्यावरून स्की आणि पॅराशूट घेऊन उडी मारली होती. निर्मात्यांना तो सापडला एका व्हिस्कीच्या जाहिरातीमुळे, त्यात तो अ‍ॅसगार्डवरून उडी मारताना दाखवला होता, आणि बोलावून घेतल्यावर कळलं की तिथून त्याने उडी मारलेलीच नाही! तरी तो म्हणाला करू, आणि केलं.

वारा पडेना आणि ढग हटेनात म्हणून टीम कित्येक दिवस नुसती वाट बघत बसली होती, मग आभाळ थोडं मोकळं झालं तेव्हा घाईघाईने हेलिकॉप्टरने वर गेले आणि एकदाच उडी झाली. कॅमेरे बरेच लावले होते पण त्याला शेवटपर्यंत फ्रेममध्ये धरून ठेवलं ते एकाच कॅमेऱ्याने. म्हणजे तो एक कॅमेरामन चुकला असता तर आज आपण बोलतोय तो शॉटच नसता.

आता पुरावा. मुलाला शेजारी बसवा आणि तो पडायला लागल्यावर स्कीकडे बघायला सांगा. हवेत तो स्की सोडून देतो, आणि त्यातली एक उघडत असलेल्या पॅराशूटला घासून खाली जाते. कापड त्यात अडकलं असतं तर खेळ खलास होता. असं काही कुणी मुद्दाम ठरवून करत नाही हो. आणि कान पण उघडे ठेवा, तो कड्याबाहेर गेला की संगीत बंद होतं, पिवळ्या सूटमधला तो एवढासा माणूस नुसता पडत राहतो आणि मध्ये कट नाही, आपल्यालाच वाटायला लागतं की आता काहीतरी चुकलंय, आणि मग ते युनियन जॅकचं, म्हणजे ब्रिटनच्या झेंड्याचं पॅराशूट फटकन उघडतं आणि बाँडची धून सुरू होते. दिग्दर्शक लुईस गिल्बर्ट, पण ही उडी टिपणाऱ्या सेकंड युनिटचा, म्हणजे स्टंटसारखे सीन वेगळे शूट करणाऱ्या तुकडीचा प्रमुख जॉन ग्लेन, त्याचं नाव लक्षात ठेवा, खाली परत येणारे.

प्रश्न: त्याच सिनेमातली पाण्याखाली जाणारी लोटस गाडी खरंच चालायची का?

उत्तर: पाण्याखाली खरंच चालायची, पण ती आणि रस्त्यावरची गाडी एक नव्हे. चाकं आत जातात, पंख बाहेर येतात, या प्रत्येक टप्प्यासाठी वेगळी बॉडी किंवा छोटं मॉडेल वापरलंय. पाण्यातली पूर्ण आकाराची गाडी फ्लोरिडातल्या एका कंपनीने बनवली, इलेक्ट्रिक मोटर आणि मागे पंखे. पण आतून कोरडी मुळीच नव्हती, पूर्ण पाण्याने भरलेली, आणि चालवणारे पाणबुडे श्वासाची नळी तोंडात धरून बसलेले असायचे. काचांवर त्या पट्ट्या दिसतात ना, त्यांच्यामुळे आत कोण आहे ते दिसत नाही. शूटिंग बहामाजच्या समुद्रात झालं, गाडी किनाऱ्यावर वर येते आणि मूर खिडकीतून मासा बाहेर टाकतो तो भाग मात्र सार्डिनियाचा. ती पाणबुडी-गाडी पुढे २०१३ मध्ये लिलावात इलॉन मस्कने घेतली.

प्रश्न: पाणबुड्या गिळणारं ते अवाढव्य जहाज मॉडेल होतं असं वाचलं, पण मॉडेल कुठेच वाटत नाही. कसं काय?

उत्तर: कारण मॉडेल म्हणजे खेळण्याएवढं नव्हतं, तब्बल ६३ फूट लांबीचं होतं! स्पेशल इफेक्ट्सवाल्या डेरेक मेडिंग्जने ते बहामाजमध्ये खऱ्या समुद्रात चालवलं. जहाज लहान करता येतं पण पाणी लहान करता येत नाही, थेंब तेवढाच राहतो, लाट तेवढीच फुटते, म्हणून छोटं मॉडेल टबातलं वाटतं आणि मोठं केलं तरच डोळा फसतो. शिवाय कॅमेऱ्यातली फिल्म नेहमीपेक्षा जोरात फिरवून शूट केलं की लाटा संथ आणि जड दिसतात.

जहाजाच्या पोटातला भाग मात्र सेट आहे. तीन पाणबुड्या मावतील एवढा स्टेजच नव्हता म्हणून लंडनजवळच्या पाइनवूड स्टुडिओमध्ये नवीन बांधला, तोच '००७ स्टेज'. सेट डिझायनर केन अ‍ॅडम. एवढ्या मोठ्या जागेत लाइट कसा करायचा हा प्रश्न होता आणि कॅमेरामन क्लोद रेन्वारची नजर तेव्हा अधू झाली होती, म्हणून अ‍ॅडमने गुपचूप आपला मित्र, नामवंत दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिकला बोलावलं. तो एका रविवारी कुणी नसताना येऊन सल्ला देऊन गेला. मला हा किस्सा फार आवडतो.

प्रश्न: मग कम्प्युटर वापरलेला जुना बाँड स्टंट कुठला? नदीवरून गाडी गिरकी घेते तो ना?

उत्तर: हो, 'द मॅन विथ द गोल्डन गन', १९७४, शूटिंग थायलंडमध्ये. पण कम्प्युटरवर चित्र नाही काढलं, गणित केलं. वेग किती, रॅम्पचा कोन किती, वजन कुठे हवं, हे सगळं आधी मोजलं. वजन मधोमध यावं म्हणून ड्रायव्हरची सीट आणि स्टिअरिंगसुद्धा गाडीच्या मध्यावर आणलं. गाडी ताशी साधारण ६४ किलोमीटर वेगाने गेली, हवेत पूर्ण गिरकी घेतली आणि चारही चाकांवर उतरली, पहिल्याच टेकला. त्यावर तो शिट्टीचा आवाज टाकला त्याचा मला अजून राग आहे, एवढ्या मेहनतीवर पाणी फिरवलं.

प्रश्न: उडी मारणारा तो सिल्व्हेस्टर नंतर कुठल्या सिनेमात दिसला का?

उत्तर: दिसला, म्हणजे पडताना दिसला. १९८१ च्या 'फॉर युअर आइज ओन्ली'मध्ये ग्रीसच्या मेटेओरा इथल्या सुळक्यावर बाँड चढत असतो आणि दोर धरून खाली कोसळतो, तो हाच. दिग्दर्शक या वेळी जॉन ग्लेन! इथे पॅराशूट नाही, नुसता दोर, आणि दोर एकदम ताणला गेला तर पाठीचा कणा मोडायचा. म्हणून मेडिंग्जनेच उपाय काढला, दोराचं दुसरं टोक वाळूच्या पोत्यांना बांधलं आणि पोती एका लांब पन्हाळीत ठेवली, म्हणजे तो पडला की पोती सरकत जाणार आणि झटका हळूहळू जिरत जाणार. पुढच्या वेळी तो सीन लागला की तो थांबतो कसा ते नीट बघा, दचका बसतो पण कणा मोडत नाही, ते काम वाळूचं आहे.