जॉन कझालने फक्त पाच सिनेमे केले, तरी त्याचं नाव एवढं का घेतात?

अमेरिकन नट जॉन कझालबद्दल प्रश्नात तुम्ही तो नेहमीचा आकडा दिलाच आहे: पाच चित्रपट, आणि पाचही सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या ऑस्करसाठी नामांकित. द गॉडफादर (1972), द कॉन्व्हर्सेशन आणि गॉडफादरचा दुसरा भाग (दोन्ही 1974), डॉग डे आफ्टरनून (1975), द डिअर हंटर (1978). गॉडफादरच्या दोन्ही भागांनी आणि डिअर हंटरने ते ऑस्कर जिंकलंही. आकडा खरा आहे, पण तो प्रश्नमंजूषेत विचारायला ठीक. नामांकन चित्रपटाला मिळतं, त्यात दिग्दर्शक कपोला असतो, समोर अल पचिनोसारखा नट असतो, स्टुडिओचा पैसा असतो. खुद्द कझालला ऑस्करचं एकही नामांकन मिळालं नाही. तो कशात मोठा होता हे बघायचं तर आधी नाटकाकडे जावं लागतं.

1935 साली बॉस्टनजवळच्या रिव्हिअर गावात जन्म, बॉस्टन विद्यापीठात अभिनयाचं शिक्षण, मग न्यूयॉर्क. तिथे पोटासाठी स्टँडर्ड ऑइल कंपनीत निरोप आणि कागदपत्रं पोचवायची नोकरी. त्याच नोकरीत आणखी एक धडपडणारा नट होता, अल पचिनो. दोघांची दोस्ती जमली आणि 1968 साली इस्रायल हॉरोविट्झच्या 'द इंडियन वाँट्स द ब्राँक्स' या एकांकिकेत दोघं एकत्र आले.

यातला 'इंडियन' म्हणजे आपल्याकडचाच. गुप्ता नावाचा गृहस्थ मुलाला भेटायला भारतातून नुकताच न्यूयॉर्कला आलाय. रात्रीची वेळ, बसस्टॉप, इंग्रजीचा गंध नाही. रस्त्यावरची दोन टगी पोरं त्याला आधी चिडवतात आणि मग ते चिडवणं हिंसक होत जातं. गुप्ता हिंदीत बोलतो, आणि तो गुप्ता कझालने केला. इटालियन वंशाच्या माणसाने भारतीय साकारणं आज कोणी खपवून घेणार नाही, आणि घेऊही नये. पण नट म्हणून त्याच्यापुढे काय काम होतं ते बघा. समोरच्या प्रेक्षकाला त्याचा एक शब्द कळणार नाही. घाबरणं, गोंधळणं, तरीही सभ्यपणाने वागायचा प्रयत्न करणं, हे सगळं खांदे, मान आणि डोळ्यांतून पोचवायचं. पचिनो आणि कझाल दोघांनाही या कामाबद्दल ओबी पुरस्कार मिळाला. ब्रॉडवेच्या बाहेरच्या नाटकांसाठी दिला जाणारा हा मानाचा पुरस्कार.

माझ्या मते पुढे पडद्यावर त्याने याच जातीचा माणूस पुन्हा पुन्हा रंगवला, ज्याचं बोलणं कोणी मनावर घेत नाही असा. 1971 मध्ये हॉरोविट्झच्याच 'लाइन' नाटकात त्याला पाहून पात्रनिवड करणारे फ्रेड रूस यांनी कपोलाला त्याचं नाव सुचवलं, आणि त्याला गॉडफादरच्या माफिया कुटुंबातल्या फ्रेडोचं काम मिळालं. (गंमत म्हणजे त्याच्या थोरल्या भावाचं काम करणारा जेम्स कान वयाने त्याच्यापेक्षा लहान होता.)

फ्रेडोचे दोन प्रसंग नीट बघा. पहिल्या भागात फळवाल्याच्या दुकानासमोर बापावर गोळ्या झाडल्या जातात, तेव्हा याच्या हातून पिस्तूल धड धरलंही जात नाही, निसटून पडतं, आणि तो तिथेच रस्त्याच्या कडेला बसून रडायला लागतो. दुसऱ्या भागात धाकटा भाऊ मायकेल त्याला जाब विचारतो. मायकेल स्थिर, सावध. फ्रेडो एका उताराच्या आरामखुर्चीत जवळजवळ आडवा. आपल्याला डावललं गेलं, आपणही हुशार आहोत, हे तो ओरडून सांगतो, हात झटकतो, पण त्या खुर्चीतून त्याला धड उठता येत नाही. दुसऱ्या कुणी इथे सहानुभूती मागितली असती. कझाल मागत नाही, म्हणूनच फ्रेडोचा राग येतो आणि कीवही.

डॉग डे आफ्टरनूनमध्ये तो सॅल, बँक लुटायला आलेल्या जोडीतला दुसरा (पहिला पचिनो). खऱ्या घटनेतला सॅल जेमतेम अठराचा पोरगा होता, कझाल चाळिशीला टेकलेला. पचिनो विचारतो, पळून कुठल्या देशात जायचं? सॅल विचार करून उत्तर देतो: वायोमिंग. वायोमिंग हे अमेरिकेतलंच एक राज्य. हे उत्तर संहितेत नव्हतं, कझालचं स्वतःचं. तो विनोद करतोय असं क्षणभरही वाटत नाही. हातात बंदूक असलेल्या या माणसाला जग किती कमी माहीत आहे हे एका शब्दात कळतं आणि हसता हसता भीती वाटते. याच चित्रपटात सॅल सांगतो, की कॅन्सर नको म्हणून तो सिगारेट ओढत नाही. प्रत्यक्षात कझाल भरपूर सिगारेट ओढायचा.

1976 मध्ये सेंट्रल पार्कमधल्या शेक्सपिअरच्या 'मेझर फॉर मेझर'मध्ये तो अँजेलो होता आणि इझाबेला होती मेरिल स्ट्रीप, तेव्हा फारशी कोणाला माहीत नसलेली. दोघं एकत्र राहू लागले. पुढच्याच वर्षी त्याला फुप्फुसाचा कॅन्सर असल्याचं निदान झालं. तरीही डिअर हंटर त्याने केला. दिग्दर्शक मायकेल चिमिनोने त्याचे प्रसंग आधी उरकून घेतले. इतक्या आजारी नटाला घेऊ नये असं निर्मात्यांचं म्हणणं होतं, पण चिमिनो आणि चित्रपटातले सहकलाकार स्ट्रीप, डी नीरो सगळे त्याच्या बाजूने अडून बसले. मार्च 1978 मध्ये तो गेला, वय 42. चित्रपट पूर्ण झालेला त्याने पाहिला नाही.

पचिनोने नंतर सांगितलंय, की अभिनयाबद्दल तो सगळ्यात जास्त कझालकडून शिकला. 2009 साली निघालेल्या रिचर्ड शेपर्डच्या 'आय न्यू इट वॉज यू' या छोट्या माहितीपटात पचिनो, स्ट्रीप, डी नीरो, कपोला अशी मंडळी त्याच्याबद्दल बोलली आहेत, तो जरूर मिळवा. पण आधी डॉग डे आफ्टरनून बघा, आणि पचिनो बोलत असताना नजर सॅलवर ठेवा.